जुन्या जपानी मोटारसायकलींचे सुटे भाग: कोणता भाग कशाला बसतो हे कसे शोधावे

यंत्र आरेखनाच्या तासाला आपण 'अदलाबदलक्षमता' हा शब्द शिकतो. एकाच रेखाचित्रावरून बनवलेल्या हजार नगांपैकी कोणताही नग न घासता, न ठोकता जागेवर बसला पाहिजे, ही तिची व्याख्या. परीक्षेत तेवढे पुरते. पण समजा तुमच्या घरी वडिलांची आरएक्स१०० किंवा काकांची राजदूत ३५० उभी आहे, भाग बनवणाऱ्या कंपनीने तो बनवणे कधीच थांबवले आहे, आणि गाडी चालू करायची आहे. तेव्हा प्रश्न उलटा होतो: दुसऱ्या कोणत्या गाडीचा भाग इथे बसेल? या टिपणात आपण त्या प्रश्नाकडे अभियांत्रिकीच्या नजरेने पाहू. उदाहरणे मुख्यतः १९६५ ते १९८५ या काळातील होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी गाड्यांची आहेत. आपल्याकडे त्यांचे वारस बरेच आहेत. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेली राजदूत ३५० ही मुळात यामाहाची आरडी३५०बी होती, आणि १९८५ साली आरएक्स१०० व हिरो होंडा सीडी१०० या दोन्ही बाजारात आल्या.

सुरुवातीलाच एक भेद लक्षात घ्या. भाग 'बसणे' वेगळे आणि भाग 'चालणे' वेगळे. मेकॅनिक 'बसतो' म्हणतो तेव्हा तो बहुधा मापांबद्दल बोलत असतो. तुम्हाला मात्र मापे, भार आणि कार्य या तिन्ही गोष्टी तपासायच्या आहेत.

जपानी गाड्यांत भाग जुळतात तरी का

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे प्रमाणीकरण. जपानमध्ये १९४९ साली औद्योगिक प्रमाणीकरणाचा कायदा झाला आणि जेआयएस मानके आली. त्यामुळे बोल्टचे आटे, बेअरिंगची मापे, ऑइल सील, चेन, स्पार्क प्लग हे सर्व ठरावीक मापांत येऊ लागले. दुसरे कारण पुरवठादार. चार मोठ्या कंपन्या एकमेकींशी हाडवैराने स्पर्धा करीत होत्या, पण सुटे भाग त्याच थोड्या दुकानांतून घेत होत्या. कार्ब्युरेटर मिकुनी किंवा केहिनचा, फोर्क शोवा किंवा कायाबाचा, विजेचे सामान निप्पॉन डेन्सो किंवा हिताचीचे, बेअरिंग एनएसके, एनटीएन किंवा कोयोचे. म्हणून यामाहाच्या मिकुनी कार्ब्युरेटरचा भाग कधी कधी सुझुकी किंवा कावासाकीच्या गाडीत सापडतो. होंडाचा ओढा केहिनकडे राहिला.

भाग क्रमांक वाचायला शिका

शोधाची पहिली पायरी बाजार नाही, सुट्या भागांची सूची आहे. प्रत्येक कंपनीच्या क्रमांकाची एक भाषा असते. ती कळली की निम्मे काम टेबलावर बसून होते.

होंडाच्या क्रमांकात आधी पाच अंक, मग तीन अंक, मग शेवटचा गट येतो. पहिले पाच अंक भाग काय आहे ते सांगतात: १३ ने सुरू होणारे पिस्टन-क्रँकच्या गटातले, १६ चे कार्ब्युरेटरचे, ५१ चे पुढच्या फोर्कचे. मधले तीन अंक सांगतात की हा भाग पहिल्यांदा कोणत्या मॉडेलसाठी काढला गेला. ३०० म्हणजे १९६९ ची सीबी७५०, ३२३ म्हणजे सीबी५००, ३७४ म्हणजे सीबी५५०. आता सीबी५५० ची सूची उघडा. जिथे जिथे मधे ३७४ ऐवजी ३२३ किंवा ३०० दिसेल, तिथे कंपनीने स्वतःच अदलाबदल जाहीर केलेली आहे. ऑइल फिल्टरचे उदाहरण घ्या. १५४१२-३०० ने सुरू होणारा फिल्टर सीबी७५० साठी काढला आणि त्या काळच्या ३५० ते ५५० सीसीच्या चार सिलेंडरच्या भावंडांनाही तोच लागला.

यामाहाने क्रम उलटा ठेवला: आधी तीन अक्षरांचा मॉडेल संकेत, मग पाच अंकी भाग, मग आवृत्ती. २५६ म्हणजे एक्सएस-१, तर ४४७ म्हणजे पुढची ६५० सीसीची गाडी. मधले ११६३१ दिसले की तो पिस्टन. एक्सएस६५० च्या शेवटच्या वर्षांच्या सूचीतही २५६ चे भाग सापडतात. म्हणजे तो भाग दहा-बारा वर्षे कुणी बदलला नाही, आणि तुम्ही त्या काळातली कोणतीही गाडी धुंडाळू शकता. सुझुकीत भागाचा गट आधी आणि मॉडेल नंतर येते. कावासाकीची पद्धत मात्र विद्यार्थ्याला त्रास देणारी आहे: पहिले पाच अंक भागाचे नाव सांगतात (९२०४९ म्हणजे ऑइल सील, ९२०५५ म्हणजे ओ-रिंग), पण पुढचे अंक नुसता अनुक्रम आहेत. त्यातून मॉडेल कळत नाही, दोन सूच्या शेजारी ठेवूनच ताडावे लागते.

प्रमाणित भागांसाठी प्रत्येकाने वेगळा गट राखून ठेवला आहे. होंडात ९ ने सुरू होणारे, यामाहात ९ चेच, सुझुकीत ०९ चे. इथे खरी गंमत आहे, कारण अनेकदा माप क्रमांकातच लपलेले असते. होंडाचा ९६१००-६२०३० हा क्रमांक पाहा. मधला भाग म्हणजे साधे ६२०३ बेअरिंग. कंपनीच्या डब्यात ते दुर्मीळ सुटा भाग असते, तुमच्या गावच्या बेअरिंगच्या दुकानात ते पंप आणि पंख्याच्या मोटारीसाठी रोज विकले जाते. सुझुकीच्या ०९२८३ ने सुरू होणाऱ्या ऑइल सीलमध्ये पुढच्या गटाचे पहिले दोन अंक आतला व्यास सांगतात.

एक सावधगिरी. क्रमांक वेगळा आहे म्हणजे भाग वेगळा आहे असे नाही. रंग, सुधारित आवृत्ती, नवा पुरवठादार एवढ्यानेही क्रमांक बदलतो. सारखा क्रमांक ही अदलाबदलीची खात्री आहे, वेगळा क्रमांक हा मोजमाप करण्याचा इशारा आहे.

आट्यांचा फसवा सारखेपणा

माझ्या मते जुन्या जपानी गाड्यांचे सर्वांत जास्त नुकसान अपघातांनी नाही, चुकीच्या बोल्टने झाले आहे. दहा मिमीचा बोल्ट हवा म्हणून हार्डवेअरच्या दुकानात गेलात तर तुम्हाला एम१०, पिच १.५ चा बोल्ट मिळेल. जपानी वाहनांत एम१० ला पिच बहुधा १.२५ असते, आणि एम१२ लाही १.२५ च, तर दुकानातला साधा एम१२ हा १.७५ पिचचा असतो. चुकीचा बोल्ट पहिले दोन आटे निमूट घेतो. मग जड जातो. मग पाना लावला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. ब्रेकच्या तेलाच्या नळीचा पोकळ बोल्टही जपानी गाडीत एम१०, पिच १.२५ चा असतो, तर अनेक युरोपीय गाड्यांत त्याच व्यासाचा १.० पिचचा. इथे चूक झाली तर नुसते आटे जात नाहीत, ब्रेक जातो.

त्याहून जुन्या, म्हणजे १९६० च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत आयएसओपूर्वीचे जेआयएस आटे आहेत: एम३ ला ०.५ ऐवजी ०.६, एम४ ला ०.७ ऐवजी ०.७५, एम५ ला ०.८ ऐवजी ०.९. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. शंभर-दोनशे रुपयांचा पिच गेज खिशात ठेवा, तेवढ्यात काम होते.

डोक्याच्या मापातही फरक आहे. जेआयएस पद्धतीत एम८ ला १२ चा पाना, एम१० ला १४ चा. आपल्या दुकानात एम८ ला १३ चा आणि एम१० ला १६ किंवा १७ चा लागतो. म्हणून एखाद्या जुन्या गाडीच्या इंजिनावर १३ चा पाना बसला, तर समजा की आधी कुणाचा तरी हात तिथे पडला आहे. तसेच कव्हरचे चौफुली स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण ते जेआयएस आकाराचे असतात. डोक्यावर छोटा ठिपका असेल तर ती बहुधा त्याचीच खूण. साधा फिलिप्स पेचकस त्यातून वर सरकतो आणि खाच गोल करून टाकतो. आणि यामाहाच्या अनेक गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. तो आरसा होंडाच्या हँडलवर चढणार नाही, कितीही जोर लावला तरी.

बेअरिंग: जिथे अदलाबदल सर्वांत सोपी आहे

समजा तुम्हाला दुसऱ्या गाडीचे पुढचे चाक बसवायचे आहे. चाकाच्या हबमध्ये ६३०२ बेअरिंग आहे, म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा ४२, रुंदी १३ मिमी. तुमच्या फोर्कचा आस मात्र २० मिमीचा आहे. पुष्कळ लोक इथे हब लेथवर नेतात. गरज नाही. बेअरिंगचा तक्ता उघडा: ६००४ चे माप आहे २० × ४२ × १२. बाहेरचा व्यास तोच, आतला हवा तो. फक्त रुंदी एक मिमी कमी. ६२०२ (१५ × ३५ × ११) आणि ६००३ (१७ × ३५ × १०) ही अशीच दुसरी जोडी.

आता तीन गोष्टी तपासा. पहिली, तो एक मिमी बाहेरच्या बाजूच्या स्पेसरमध्ये भरून काढायचा, बेअरिंग हबच्या खांद्याला टेकलेलेच राहिले पाहिजे. दुसरी, दोन बेअरिंगच्या मधली नळी. ती आतल्या दोन कड्यांमधले अंतर राखते. तिचा आतला व्यास आता २० हवा, पण लांबी मूळचीच हवी. ती अर्धा मिमी जरी आखूड झाली तरी आस आवळताना दोन्ही बेअरिंगवर बाजूने दाब येतो आणि ती काही दिवसांत आवाज करू लागतात. तिसरी, भार. ६००४ मधल्या गोळ्या लहान आहेत, तिची भारक्षमता ६३०२ पेक्षा सुमारे पंधरा-वीस टक्क्यांनी कमी असते. हलक्या गाडीच्या पुढच्या चाकाला ती सहसा पुरते, पण 'सहसा' हा शब्द वापरण्याआधी कॅटलॉगमधला आकडा घेऊन आयुष्याचे सूत्र एकदा मांडून पाहा. ते गणित तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात केलेले आहे.

ऑइल सीलवर तीन मापे छापलेलीच असतात. मात्र टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँकचे सील केवळ मापाने घेऊ नका. त्याला आळीपाळीने दाब आणि निर्वात दोन्ही सहन करायचे असतात, शिवाय पेट्रोल आणि उष्णता. गिअरबॉक्ससाठी केलेले त्याच मापाचे सील तिथे हवा खेचू देते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जाम होतो.

फोर्क: व्यास जुळला म्हणून काहीच जुळले नाही

होंडाच्या सीबी५०० आणि सीबी७५० या दोन्हींच्या फोर्कची नळी ३५ मिमीची. एवढ्यावर उत्साहाने खरेदी करू नका. नळ्यांमधले अंतर, आसाचा व्यास, फोर्कची लांबी, स्टेमची उंची आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऑफसेट, म्हणजे स्टेमच्या मध्यरेषेपासून नळ्यांच्या मध्यरेषेपर्यंतचे अंतर, हे सगळे पाहावे लागते. हँडलचे कोनसेट बेअरिंग न जुळल्यास टेपर रोलर शोधता येतात, उदाहरणार्थ ३२००५ हे २५ × ४७ × १५ मापाचे. स्टेम दाबयंत्राने काढून दुसऱ्या खालच्या टी मध्ये बसवता येतो. ऑफसेट मात्र भूमिती बदलतो.

ट्रेलचे सूत्र असे: चाकाची त्रिज्या गुणिले साइन रेक, वजा ऑफसेट, आणि सगळ्याला कोसाइन रेकने भागा. १८ इंची चाकावर ३.०० चा टायर असेल तर त्रिज्या सुमारे ३०५ मिमी. रेक २७ अंश, ऑफसेट ४५ मिमी धरा. (३०५ × ०.४५४ − ४५) ÷ ०.८९१, म्हणजे जवळजवळ १०५ मिमी. आता दुसऱ्या गाडीच्या टी घेतल्या, त्यांचा ऑफसेट ६० मिमी. ट्रेल उरला ८८ मिमी. नळ्या बसल्या, चाक फिरले, गाडी छान दिसते, आणि वेगात हँडल हलके लागू लागते. त्यात कुणी मागचे शॉकअप लांब घातले तर भर पडते: १३२० मिमी चाकांतरावर मागची बाजू २५ मिमी उचलली की रेक सुमारे एक अंशाने कमी होतो, आणि ट्रेल आणखी घटतो. हे गणित वहीत पाच मिनिटांत होते. रस्त्यावर ते करून पाहू नये.

राजदूत ३५० ला पुढे दुहेरी कॅमचा ड्रम होता, मूळ आरडी३५०बी ला डिस्क. म्हणून डिस्क बसवण्याचा मोह आपल्याकडे नेहमीचा. इथे मास्टर सिलेंडरचा व्यास पाहा. एका डिस्कसाठी १४ मिमीचा सिलेंडर नेहमी आढळतो, दोन डिस्कसाठी पाच-अष्टमांश इंच, म्हणजे १५.९ मिमी. दोन्ही २२ मिमीच्या हँडलवर बसतात, कारण जपानी हँडलचा व्यास जवळजवळ सर्वत्र तोच. पण क्षेत्रफळाचे गुणोत्तर १.२९ येते. मोठा सिलेंडर एका डिस्कला जोडलात तर तेवढ्याच दाबासाठी बोटांना २९ टक्के जास्त जोर लावावा लागेल. लिव्हर लाकडासारखा कडक लागतो आणि चालवणाऱ्याला वाटते की ब्रेक फार 'टाइट' आणि चांगला आहे. प्रत्यक्षात थांबण्याचे अंतर वाढलेले असते. उलट केले, म्हणजे छोटा सिलेंडर दोन डिस्कला, तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत येतो.

इंजिन: मापे सारखी, काम वेगळे

यामाहाची १९७० ची आर५ आणि १९७३ ची आरडी३५० या दोन्हींचा बोअर ६४ आणि स्ट्रोक ५४ मिमी, आकारमान ३४७ सीसी. तरीही आर५ मध्ये पिस्टनचा खालचा घेरच इनलेट उघडतो आणि बंद करतो, तर आरडीत ते काम रीड व्हॉल्व्हकडे गेले आणि पिस्टनच्या घेराला खिडक्या आल्या. खिडकीचा पिस्टन आर५ मध्ये घातला तर इनलेट कधी नीट बंदच होणार नाही. व्हर्नियर हा फरक सांगत नाही. इंजिन श्वास कसा घेते हे कळले तरच तो कळतो.

आपल्या आरएक्स१०० चा बोअर-स्ट्रोक ५० × ५०, म्हणजे ९८ सीसी. आरएक्स१३५ चा ५८ × ५०, म्हणजे १३२ सीसी. स्ट्रोक सारखा, म्हणून मोठ्या ब्लॉकचा विचार सुचतो. समजा तुम्ही ज्वलनकक्षाचे आकारमान तेच ठेवलेत आणि मूळ संपीडन गुणोत्तर ७ होते. सरकणारे आकारमान १.३५ पट झाले, तर नवे गुणोत्तर ६ × १.३५ + १, म्हणजे ९.१. एवढ्या उडीने इंजिन ठोके देऊ लागेल, पिस्टनला भोक पडायला वेळ लागणार नाही. शिवाय क्रँककेसचे तोंड, स्टडमधले अंतर, गजन पिनचा व्यास, पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची आणि पोर्टच्या वेळा, एवढे सगळे मोजूनच पुढे जायचे.

कार्ब्युरेटरबद्दल एकच मुद्दा, पण तो अनेकांना माहीत नसतो. मिकुनीच्या मोठ्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा त्यातून मिनिटाला किती घनसेंटीमीटर इंधन वाहते यावरून असतो, केहिनच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिमीच्या शंभराव्या भागात सांगतो. म्हणून 'माझ्याकडे १२० चा जेट आहे' या वाक्याला कंपनी सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

चेन सोपी आहे. ४२८, ५२०, ५३० यातला पहिला अंक पिच सांगतो, इंचाच्या अष्टमांशात: ४ म्हणजे अर्धा इंच, ५ म्हणजे पाच-अष्टमांश. उरलेले अंक रुंदीचे. ५२० आणि ५३० चा पिच एकच, म्हणून दोन्ही स्प्रॉकेट ५२० चे घेतले तर जड ५३० चेन बदलता येते, मात्र चेनची ताणक्षमता इंजिनाच्या ताकदीला पुरेशी आहे का ते पाहून.

बाजारात जाताना

दिल्लीचे करोल बाग, चेन्नईचे पुदुपेट, कोलकात्याचे मल्लिक बाजार, पुण्याची नाना पेठ: प्रत्येक मोठ्या शहरात अशी एक जागा आहे. तिथे गाडीचे नाव सांगून भाग मागू नका. नाव सांगितले की किंमत वाढते आणि उत्तर 'नाही' येते. माप सांगा. जुना भाग, व्हर्नियर, पिच गेज आणि वहीत काढलेले रेखाचित्र घेऊन जा. दुकानदाराने 'ओरिजिनल' म्हटले तर छापलेला क्रमांक वाचा आणि सूचीशी ताडा.

कायद्याची बाजूही तुमच्याच हिताची आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. झिजलेल्या बेअरिंगच्या जागी तशाच मापाचे बेअरिंग घालणे ही दुरुस्ती. चासी कापणे किंवा परवानगीशिवाय दुसऱ्या प्रकारचे इंजिन बसवणे ही वेगळी गोष्ट. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग, तुटका असला तरी, पिशवीत घालून त्यावर क्रमांक लिहून ठेवा.

स्वाध्याय

१. कोणत्याही एका जुन्या दुचाकीच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग मोजा. तोच बाहेरचा व्यास पण आतला व्यास मोठा असलेले प्रमाणित बेअरिंग तक्त्यातून शोधा आणि दोन्हींच्या भारक्षमतेची तुलना करा.

२. वरील ट्रेलच्या उदाहरणात १८ ऐवजी १९ इंची चाक घातल्यास आणि रेक तोच ठेवल्यास ६० मिमी ऑफसेटवर ट्रेल किती येईल? टायरची उंची तीच धरा.

३. १४ मिमीच्या मास्टर सिलेंडरऐवजी अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिमीचा घेतल्यास बोटांचा जोर आणि लिव्हरची चाल किती टक्क्यांनी बदलेल ते काढा.